रिचर्ड प्रायर : माणसे उभी करणारा विनोद

रिचर्ड प्रायर (१९४०–२००५) हे अमेरिकेच्या स्टँड-अप कॉमेडीतील सर्वांत मोठे नाव. एक माणूस, एक मायक्रोफोन आणि समोर खचाखच भरलेले सभागृह एवढ्या सामग्रीवर त्यांनी एका मध्यम आकाराच्या गावातील वेश्या, दारुडे, गर्दुल्ले, पाद्री, पोलीस, आपली आजी आणि आपले वडील यांना रंगमंचावर बोलते केले. इतकेच काय, आपल्याच बंद पडू पाहणाऱ्या हृदयालाही त्यांनी आवाज दिला. चित्रपटांनी त्यांना पैसा आणि जगभर ओळख मिळवून दिली. तरीही त्यांचे खरे कर्तृत्व त्या मोकळ्या रंगमंचावरचे आहे. त्यांच्याआधी विनोदाचे एकक चुटका होते. त्यांच्यानंतर ते माणूस झाले. हा बदल कसा घडला आणि त्याची किंमत कोणी कशी मोजली, हे त्यांच्या चरित्राच्या क्रमानेच नीट समजते.

कला आणि तिचा साचा

स्टँड-अप म्हणजे उभ्याने, एकट्याने, थेट प्रेक्षकांशी बोलत केलेला विनोद. अमेरिकेत त्याची मुळे वॉडव्हिल या करमणुकीच्या फिरत्या कार्यक्रमांत आणि त्याआधीच्या मिन्स्ट्रेल खेळांत सापडतात. मिन्स्ट्रेल खेळांत गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची टर उडवत. म्हणजे काळा माणूस अमेरिकन विनोदात आला तो प्रथम दुसऱ्याने घेतलेले सोंग म्हणून. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्टँड-अपचा साचा पक्का झाला होता. सूट घातलेला कलावंत, एकामागून एक सुटे चुटके, प्रत्येक चुटक्याच्या टोकाला हशा. हे चुटके कोणाच्याही तोंडी चालत. ते लिहून देणारे लेखक वेगळे असत. मॉर्ट साल, लेनी ब्रूस आणि डिक ग्रेगरी यांनी या साच्याला तडे दिले. राजकारण, धर्म, लैंगिकता आणि वंशभेद हे विषय त्यांनी रंगमंचावर आणले. प्रायर या पिढीच्या लगेच पाठीमागून आले.

मराठी रसिकाला या कलेच्या जवळची वाटेल अशी कला म्हणजे एकपात्री प्रयोग. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ किंवा लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ यांत एकच नट आवाज, चाल आणि लकब बदलून अख्खी वस्ती उभी करतो. मात्र एकपात्रीतील पात्रे रचलेली असतात आणि संहिता ठरलेली असते. स्टँड-अपमध्ये कलावंत स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जगण्याबद्दल बोलतो. प्रायर यांनी या दोन्ही वाटा एकत्र आणल्या. ते स्वतःबद्दलच बोलत, पण बोलता बोलता त्यांच्या अंगात दुसरी माणसे येत.

पिओरिया

रिचर्ड फ्रँकलिन लेनॉक्स थॉमस प्रायर यांचा जन्म १ डिसेंबर १९४० रोजी इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे झाला. कॅटरपिलर कंपनीचे कारखाने आणि मद्याच्या भट्ट्या यांवर जगणारे हे गाव अमेरिकन सर्वसामान्यपणाची मोजपट्टी मानले जाई. नवा खेळ ‘पिओरियात चालेल का’, असा प्रश्न करमणुकीच्या धंद्यात विचारला जात असे. त्याच गावाची दुसरी बाजू म्हणजे जुगाराचे अड्डे, दारूचे गुत्ते आणि कुंटणखाने. असाच एक कुंटणखाना रिचर्डची आजी मरी कार्टर चालवत होती. वडील लेरॉय हे पूर्वी मुष्टियोद्धे होते आणि आपल्या आईच्या, म्हणजे मरीच्या, धंद्यात होते. रिचर्डची आई गर्ट्रूड तिथेच काम करत होती. आईवडील वेगळे झाल्यावर रिचर्डला वाढवले ते आजीने. तिला तो ‘मामा’ (इंग्रजीत आई) म्हणे.

या घरात मुलाने जे पाहिले ते कोणत्याही मुलाने पाहू नये असे होते. लहानपणी त्याच्यावर लैंगिक अत्याचारही झाला. आजीचा मार सक्त असे. पण त्याच घरात गोष्टी सांगणारी माणसे होती, शिवीला लय देणारी भाषा होती आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाचे पाणी पहिल्या नजरेत जोखण्याची गरज होती. गावात दिवसा प्रतिष्ठित म्हणून वावरणारे पुरुष रात्री कोणत्या दाराने आत येतात, हे या मुलाला ठाऊक होते. माणसाचा चेहरा आणि माणसाचे आतले यांतील फट त्याला अशी फार लवकर दिसली.

शाळेत त्याचे पटले नाही. चौदाव्या वर्षी त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. त्याच सुमारास कार्व्हर कम्युनिटी सेंटर या वस्तीतल्या केंद्रात ज्युलिएट व्हिटेकर या नाट्यशिक्षिकेने त्याला हेरले. तिथे बसवल्या जात असलेल्या एका परीकथेच्या नाटकात त्याला किरकोळ भूमिका होती. एके दिवशी राजाची भूमिका करणारा मुलगा तालमीला आला नाही. रिचर्डने सगळ्यांची भाषणे पाठ केली होती. तो सिंहासनावर बसला आणि त्याने ती भूमिका अशी वठवली की परत आलेल्या मुलानेच राजाची भूमिका त्याच्याकडे राहू द्यावी असे म्हटले. पुढे प्रायर यांना दूरचित्रवाणीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी ते मानचिन्ह व्हिटेकर बाईंना देऊन टाकले.

शाळा सुटल्यावर बूटपॉलिश, झाडलोट, मांस-प्रक्रियेच्या कारखान्यातील मजुरी अशी मिळेल ती कामे त्याने केली. १९५८ ते १९६० या काळात तो सैन्यात होता आणि पश्चिम जर्मनीत तैनात होता. तेथे एका चित्रपटातील वंशभेदाच्या प्रसंगावर एक गोरा सैनिक हसला. त्यावरून झालेल्या हाणामारीत आणि चाकूहल्ल्यात भाग घेतल्याबद्दल रिचर्डला लष्करी तुरुंग भोगावा लागला. कोण कशाला हसतो, यावर माणसे एकमेकांच्या जिवावर उठू शकतात, हा धडा त्याला रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधीच मिळाला.

न्यूयॉर्क आणि उसने सोंग

सैन्यातून सुटल्यावर प्रायर यांनी पिओरियातील क्लबांत गाणे आणि नकला यांपासून सुरुवात केली. मग मध्यपश्चिमेकडील काळ्या प्रेक्षकांच्या क्लबांत ते हिंडले आणि १९६३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. ग्रीनिच व्हिलेज हा भाग त्या वेळी लोकगायक, कवी आणि विनोदकारांनी गजबजलेला होता. तिथे बिल कॉस्बी यांचे नाव नुकतेच झाले होते. कॉस्बी स्वच्छ, घरगुती विनोद करत आणि वंशाचा विषय टाळत. गोऱ्या प्रेक्षकांना ते आपले वाटत. प्रायर यांनी हाच रस्ता धरला आणि तो लगेच यशाकडे गेला. ऑगस्ट १९६४ मध्ये ते पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर दिसले. पाठोपाठ एड सलिव्हन आणि मर्व्ह ग्रिफिन यांच्या लोकप्रिय कार्यक्रमांची दारे उघडली. काही वर्षांत लास व्हेगासच्या हॉटेलांतून बोलावणी येऊ लागली.

१९६७ मध्ये लास व्हेगासच्या अलादीन हॉटेलात कार्यक्रम होता. सभागृह भरलेले होते आणि पुढच्या रांगेत डीन मार्टिन हे विख्यात गायक-नट बसले होते. प्रायर मायक्रोफोनपाशी आले, त्यांनी प्रेक्षकांकडे पाहिले, आपण इथे काय करतो आहोत असा प्रश्न त्यांनी शिवीसकट उघड विचारला आणि ते रंगमंचावरून निघून गेले. या प्रसंगाला पुढे दंतकथेचे रूप आले. पण बदल एका रात्रीत झाला नाही. त्याआधीपासून त्यांच्या विनोदात पिओरियाची माणसे डोकावू लागली होती, आणि त्यानंतरही ते काही काळ जुन्या पद्धतीचे कार्यक्रम करत राहिले. अलादीनच्या रात्रीचे महत्त्व असे की उसने सोंग आता आपल्याला वठवता येणार नाही, हे त्यांनी तिथे सर्वांसमक्ष कबूल केले.

बर्कलेचे दिवस

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी प्रायर कॅलिफोर्नियातील बर्कले येथे काही महिने अज्ञातवासात राहावे तसे राहिले. शेजारच्या ओकलंडमध्ये १९६६ साली काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना झालेली होती. इश्मायल रीड, अल यंग, सेसिल ब्राउन हे काळे लेखक त्यांचे मित्र झाले. काळ्यांचे नेते माल्कम एक्स यांची भाषणे त्यांनी वाचली आणि गायक मार्विन गे यांची ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकली. लहान क्लबांत ते वाटेल ते करून पाहत: कधी एकाच शब्दाचा उच्चार वेगवेगळ्या सुरांत, कधी नुसते आवाज. या काळात त्यांना उमगले की ज्या भाषेत ते वाढले ती गुत्त्याची, कुंटणखान्याची आणि गल्लीची भाषा हीच त्यांची खरी संहिता आहे. ती धुऊनपुसून मांडली तर तिच्यातली माणसे मरतात.

याच वर्षांत महाराष्ट्रात याच्याशी मिळतीजुळती घटना घडत होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिचे नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. त्याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीची भाषा मराठी कवितेत जशीच्या तशी उतरली. ढसाळ आणि प्रायर यांची कला वेगळी आणि देशही वेगळे. पण दोघांचे वळण एकच: सभ्य समाजाने गटाराची म्हणून दूर ठेवलेली बोली माणसाच्या पूर्ण सत्याची वाहक होऊ शकते, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. मराठी वाचकाला प्रायर समजून घेण्याची ही जवळची वाट आहे.

ध्वनिमुद्रिकांतील वस्ती

बर्कलेहून परतलेले प्रायर वेगळे होते. १९७४ मध्ये त्यांची ती ध्वनिमुद्रिका आली जिच्या नावातच काळ्यांना हिणवण्याचा शब्द ठेवलेला होता. तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९७५ आणि १९७६ च्या त्यांच्या पुढच्या ध्वनिमुद्रिकांनाही तोच पुरस्कार मिळाला. विनोदाच्या विभागातील ग्रॅमी त्यांनी एकूण पाच वेळा जिंकले.

या ध्वनिमुद्रिका ऐकताना कानावर एक वस्तीच येते. रविवारी सकाळी चौकात उभा राहून वाहतुकीला दिशा देणारा दारुडा आणि त्याला भेटणारा गर्दुल्ला तरुण, ही त्यातील एक जोडी. दारुडा त्या तरुणाला आधी बोल लावतो, मग शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. तरुण ग्लानीत अडखळत आपली कैफियत मांडतो. घरच्यांनी दार बंद केले आहे, काम मिळत नाही, डोक्यात एक जळजळ आहे. ऐकणारा आधी दारुड्याच्या ऐटीला हसतो. मग त्या तरुणाच्या आवाजातला रडवेला सूर लागतो आणि हसू अर्ध्यावर थांबते. चुटका कुठेच नाही. दोन हरलेली माणसे एकमेकांना सांभाळू पाहत आहेत, एवढेच घडते.

मडबोन हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पात्र. मिसिसिपी राज्यातील टुपेलो गावाहून आलेला हा म्हातारा घोगऱ्या, खालच्या पट्टीतल्या आवाजात लांबलचक थापा सांगतो. त्याच्या थापांत दक्षिणेकडील गुलामगिरीनंतरच्या काळाची, स्थलांतराची आणि गोऱ्या मालकांना चकवण्याच्या युक्त्यांची स्मृती साठलेली आहे. अमेरिकेतील काळ्या समाजाची मौखिक कथापरंपरा मडबोनच्या रूपाने शहरी रंगमंचावर आली.

प्रायर यांचे तंत्र तीन गोष्टींवर उभे होते. पहिली गोष्ट शरीर. हरिण, कुत्रा, माकड, मोटार, बाळ यांपैकी काहीही ते खांदे, मान आणि डोळे यांनी उभे करत. दुसरी गोष्ट आवाज. गोऱ्या माणसाचे नाकातले, आखडलेले बोलणे आणि काळ्या माणसाचे सैल, डुलते बोलणे यांतील फरकावर त्यांनी केलेले विनोद पुढे असंख्यांनी उचलले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे करुणा. दारुड्याची, गर्दुल्ल्याची किंवा वेश्येची नक्कल करताना ते त्यांच्याकडे वरून पाहत नसत. ज्या माणसाचे सोंग घेतले त्याची बाजू ते पूर्ण मांडत. मिन्स्ट्रेल खेळाने काळ्या माणसाचे जे विद्रूपीकरण केले होते, त्याला मिळालेले हे सर्वांत समर्थ उत्तर होते.

दूरचित्रवाणी आणि हॉलीवूड

चित्रपटांत प्रायर यांच्याकडे पहिल्यांदा गंभीरपणे लक्ष गेले ते ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ (१९७२) मध्ये. गायिका बिली हॉलिडे यांच्या जीवनावरील या चित्रपटात डायना रॉस नायिका होत्या आणि प्रायर यांनी त्यांच्या साथीला असणाऱ्या पियानोवादकाची भूमिका केली. १९७३ च्या ‘वॉटस्टॅक्स’ या माहितीपटात त्यांचे क्लबमधील बोलणे निवेदनासारखे गुंफलेले आहे. मेल ब्रुक्स यांच्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’ (१९७४) या वेस्टर्न विडंबनाच्या लेखकांत ते होते. काळ्या शेरीफची मुख्य भूमिका त्यांनीच करावी असे ब्रुक्स यांना वाटत होते. स्टुडिओने जोखीम घेतली नाही आणि ती भूमिका क्लीव्हन लिट्ल यांच्याकडे गेली. लिली टॉमलिन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी केलेल्या लेखनाला एमी मिळाला, तोही याच सुमारास.

१३ डिसेंबर १९७५ रोजी प्रायर यांनी ‘सॅटरडे नाईट लाइव्ह’ या नव्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले. त्यांच्या तोंडून काय बाहेर पडेल या धास्तीने एनबीसी वाहिनीने थेट प्रक्षेपण काही सेकंद उशिरा दाखवण्याची सोय करून ठेवली. त्या रात्रीचे एक प्रहसन अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. त्यांचे मित्र आणि सहलेखक पॉल मूनी यांनी ते लिहिले होते. नोकरीसाठी आलेला काळा उमेदवार आणि त्याची मुलाखत घेणारा गोरा अधिकारी (चेव्ही चेस) समोरासमोर बसले आहेत. अधिकारी एक शब्द उच्चारतो, उमेदवाराने मनात येईल तो शब्द सांगायचा. सुरुवात साध्या शब्दांनी होते. हळूहळू अधिकारी काळ्यांना दिलेल्या शिव्या उच्चारू लागतो. उमेदवार प्रत्येक शिवीला गोऱ्यांसाठीची शिवी परत करतो आणि त्याच्या गालाचा स्नायू फडफडू लागतो. अखेर अधिकारीच घाबरून नोकरी देऊन टाकतो. सभ्य कार्यालयीन संभाषणाच्या खाली काय दडलेले असते, ते दोनतीन मिनिटांत लख्ख दिसले.

१९७७ मध्ये एनबीसीने ‘द रिचर्ड प्रायर शो’ सुरू केला. त्यातल्या चमूत तेव्हा अनोळखी असलेले रॉबिन विल्यम्स होते. अमेरिकेचा पहिला काळा राष्ट्राध्यक्ष पत्रकार परिषद घेतो आहे, असा एक प्रसंग त्यात होता. कात्री लावण्यावरून वाहिनीशी सतत खटके उडाले आणि चार भागांनंतर कार्यक्रम संपला.

चित्रपटांचा ओघ मात्र वाढत गेला. ‘सिल्व्हर स्ट्रीक’ (१९७६) मध्ये जीन वाइल्डर या नटाबरोबर त्यांची जोडी जमली. ‘ब्लू कॉलर’ (१९७८) या पॉल श्रेडर यांच्या पहिल्या दिग्दर्शित चित्रपटात त्यांनी डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातील कर्जबाजारी कामगार उभा केला. कामगार संघटनेच्या भ्रष्टाचाराशी झगडत शेवटी तिच्यातच सामील होणारा हा माणूस ही त्यांची सर्वोत्तम गंभीर भूमिका होय. सिडनी पॉइटियर दिग्दर्शित ‘स्टिर क्रेझी’ने (१९८०) अमेरिकेत १० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली, काळ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाने हा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ. ‘सुपरमॅन ३’ साठी (१९८३) त्यांना ४० लाख डॉलर मिळाले. त्याच वर्षी कोलंबिया पिक्चर्सने त्यांच्याशी ४ कोटी डॉलरांचा करार केला.

भारतीय प्रेक्षकांपर्यंत ही कामे आडवाटेने पोचली. ‘ब्रूस्टर्स मिलियन्स’ (१९८५) ज्या जुन्या कादंबरीवर बेतला होता, त्याच कल्पनेवर हिंदीत ‘मालामाल’ (१९८८) आला. प्रायर आणि वाइल्डर यांच्या ‘सी नो ईव्हल, हिअर नो ईव्हल’ (१९८९) या आंधळा आणि बहिरा यांच्या जोडीच्या चित्रपटावरून ‘हम हैं कमाल के’ (१९९३) निघाला.

हॉलीवूडने प्रायर यांना पैसा दिला, पण त्यांच्यातले धारदार असे फार थोडे पडद्यावर येऊ दिले. बहुतेक चित्रपटांत ते गोऱ्या नायकाचे भेदरलेले, बडबडे सोबती आहेत. डोळे विस्फारण्याची त्यांची ताकद तिथे वापरली गेली. डोळ्यांमागचे शहाणपण क्वचितच मागितले गेले. त्यांचे खरे चित्रपट म्हणजे रंगमंचावरील त्यांचे चित्रित केलेले कार्यक्रम.

लाँग बीचची रात्र

डिसेंबर १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झालेला प्रयोग ‘रिचर्ड प्रायर : लाइव्ह इन कॉन्सर्ट’ या नावाने १९७९ मध्ये चित्रपटगृहांत लागला. केवळ एका माणसाच्या बोलण्याचा पूर्ण लांबीचा चित्रपट तिकीट काढून पाहायला लोक गेले, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पुढच्या सगळ्या स्टँड-अप चित्रफितींचा हा मूळ नमुना ठरला.

या प्रयोगात त्यांनी स्वतःचा हृदयविकाराचा झटका रंगवला. नोव्हेंबर १९७७ मध्ये तो त्यांना प्रत्यक्ष आला होता. बोलता बोलता ते मूठ छातीवर दाबतात आणि हृदय गुंडासारखे दरडावू लागते: श्वास घ्यायचा नाही. ते एका गुडघ्यावर येतात. हृदय विचारते, आता मरणाचा विचार करतोस, डुकराचे मांस खाताना का नाही केलास? ते दुसऱ्या गुडघ्यावर येतात. हळूच देवाचा धावा करू पाहतात तर हृदयाला तेही कळते आणि ते अधिकच पिळते. प्रायर रंगमंचावर पाठीवर आडवे होऊन तडफडतात. मग रुग्णवाहिकेत डोळे उघडतात, तर भोवती सगळे गोरे चेहरे. आपण मेलो आणि चुकून गोऱ्यांच्या स्वर्गात आलो, असे त्यांना वाटते. सभागृह हसून लोटपोट होते. हसता हसता प्रत्येकाला आपल्या छातीतली धडधडही ऐकू येत असते.

त्याच प्रयोगात आजीचा मार येतो. तिने मुलाला स्वतःच जाऊन झाडाची फोक तोडून आणायला सांगितले आहे. प्रायर त्या मुलाची चाल करतात: तोडलेली फोक हातात, ती हवेत सपसपते आहे आणि घर जवळ येईल तसे पाऊल जड होत आहे. मारणारी आजी आणि मार खाणारे पोर हे दोघेही एकाच शरीरात उभे राहतात. ज्या घराने जखमा दिल्या त्या घरावर त्यांनी सूड घेतला नाही. तिथली माणसे जिवंत ठेवली.

एका शब्दाचा त्याग

काळ्यांना हिणवण्यासाठी गोऱ्यांनी वापरलेला शब्द प्रायर यांनी अनेक वर्षे उघडपणे, हजारदा उच्चारला. तो वारंवार वापरून त्याचा डंख काढून घेता येईल, असा त्यांचा विश्वास होता. १९७९ मध्ये ते केनियाला गेले. नैरोबीतील हॉटेलात बसून ते भोवतालची माणसे न्याहाळत होते. दुकानदार, अधिकारी, चालक, पोलीस असे सगळेच काळे होते, पण तो शब्द लागू पडेल असा एकही माणूस त्यांना तिथे दिसला नाही. इथे आल्यापासून आपण स्वतःही तो उच्चारलेला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तो सोडून दिला आणि पुढच्या प्रयोगात ही हकिकत प्रेक्षकांना सांगितली. ज्या शब्दावर कीर्तीचा एक खांब उभा होता तो स्वतःच काढून टाकण्याचा हा निर्णय त्यांच्या प्रामाणिकपणाची मोठी साक्ष आहे.

आग

कोकेनचे व्यसन त्यांना तरुणपणीच लागले होते. घरात हिंसा होती. पाच स्त्रियांशी त्यांची सात लग्ने झाली आणि त्यांतल्या काहींना त्यांच्या हातचा मार सोसावा लागला. रंगमंचावर दुबळ्यांची बाजू घेणारा माणूस घरी दुबळ्यांवर हात उगारत होता. ही विसंगती झाकून त्यांचे चरित्र सांगता येत नाही.

९ जून १९८० रोजी, कोकेन ओढण्याच्या सलग अनेक दिवसांनंतर, लॉस एंजेलिसमधील आपल्या घरी ते पेटले आणि जळत्या अंगाने रस्त्यावर धावले. त्यांचे निम्मे शरीर भाजले होते. सुरुवातीला हा अपघात म्हणून सांगितला गेला. पुढे आत्मचरित्रात त्यांनी लिहिले की अंगावर रम ओतून त्यांनी स्वतःच काडी लावली होती. सहा आठवडे ते रुग्णालयात होते.

१९८२ च्या ‘लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप’ या चित्रपटात, लाल सूट घालून, त्यांनी ही हकिकत मांडली. आधी ते सांगतात की झोपण्यापूर्वी दुधात बिस्कीट बुडवले आणि स्फोट झाला. लोक हसतात. मग ते खरे बोलू लागतात. कोकेनची चिलीम त्यांच्याशी लाडिक आवाजात बोलते, मित्रांना भेटू नकोस म्हणते, खोलीतच राहा म्हणते. व्यसनी माणसाचे एकटेपण इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडले गेले असेल. शेवटी ते एक काडी पेटवतात, ती हवेत आडवी सरकवत नेतात आणि लोक आता हे करून विचारतात, असे सांगतात: हे काय आहे, ओळखा, हा रस्त्याने धावणारा रिचर्ड प्रायर. आपल्यावर होणारा सर्वांत क्रूर विनोद त्यांनी स्वतःच्या हाताने करून दाखवला आणि त्याची धार काढून घेतली.

दुखणे आणि अखेर

१९८६ मध्ये प्रायर यांनी ‘जो जो डान्सर, युवर लाइफ इज कॉलिंग’ हा आत्मचरित्रपर चित्रपट स्वतः लिहिण्यात भाग घेऊन दिग्दर्शित केला. त्याच वर्षी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान झाले. या रोगात मज्जातंतूंवरील आवरण झिजते आणि स्नायूंवरचा ताबा हळूहळू सुटत जातो. ज्या कलावंताचे शरीर हीच भाषा होती, त्याच्यावर हा घाला होता. तरीही १९९० च्या दशकाच्या प्रारंभी लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअर या क्लबमध्ये ते खुर्चीत बसून बोलत राहिले आणि आपल्या दुखण्यावरच विनोद करत राहिले. १९९५ मध्ये ‘प्रायर कन्व्हिक्शन्स’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ‘शिकागो होप’ या मालिकेत त्यांनी याच आजाराच्या रुग्णाची भूमिका केली. तिला एमी नामांकन मिळाले.

१९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरने अमेरिकन विनोदासाठी मार्क ट्वेन पुरस्कार सुरू केला आणि पहिलाच पुरस्कार प्रायर यांना दिला. १० डिसेंबर २००५ रोजी, पासष्टावा वाढदिवस उलटून नऊ दिवस झाले असताना, लॉस एंजेलिसमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये पिओरियात प्रेस्टन जॅक्सन या शिल्पकाराने घडवलेला त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२१ मध्ये ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी समाविष्ट झाला.

वारसा

एडी मर्फी, ख्रिस रॉक, डेव्ह शॅपेल यांच्यापासून पुढच्या पिढ्यांतील असंख्य कलावंत प्रायर यांचे ऋण मानतात. पुष्कळांनी त्यांच्याकडून शिव्या आणि बेधडकपणा घेतला. तो सर्वांत सोपा भाग होता. त्यांच्याकडून घेण्याजोगी अवघड गोष्ट वेगळी आहे. ज्याच्यावर हसायचे त्याच्या आत उतरायचे, त्याची बाजू पुरी ऐकायची, आणि हसणाऱ्यांत स्वतःला पहिले उभे करायचे.

आज भारतातही, मराठीत आणि हिंदीत, तरुण कलावंत हातात मायक्रोफोन घेऊन आपले गाव, आपली जात, आपले घर यांबद्दल स्वतःच्या बोलीत बोलू लागले आहेत. आपल्या आयुष्याची हकिकत हीच संहिता होऊ शकते आणि बोलीला धुण्याची गरज नसते, हा या कलेचा आज गृहीत धरलेला पाया प्रायर यांनी घातला. पिओरियातल्या त्या घरात एक मुलगा ज्या माणसांना दाराआडून पाहत होता, त्यांना इतिहासाने कुठे नोंदवले नसते. त्यांचे आवाज, चाली, भीती आणि ऐट आज ध्वनिमुद्रिकांत आणि चित्रफितींत शाबूत आहेत, आणि ते ऐकणारा माणूस त्यांना परके मानू शकत नाही.